जिन्यातलं खाणं

आमच्या घरात भाकऱ्या आई करायची, पण माझं ताट बाबा वाढायचे. यात काही विचित्र आहे हे मला बरीच वर्षं कळलंच नाही. घरात आम्ही तिघंच. जालन्याकडून आलेलो. बाबा मुंबईत एका सरकारी कचेरीत क्लार्क होते, आणि अठ्ठ्याऐंशी साली आम्ही भाईंदर पूर्वेला, खारी गावाला लागून नव्यानं उभ्या राहिलेल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वन रूम किचन घेतलं. खिडकीतून एका अंगाला गावातली कौलारू घरं दिसायची आणि दुसऱ्या अंगाला अर्धवट इमारतींचे खांब. पाणी टँकरनं यायचं. शेजारी गुजराती, समोर रत्नागिरीचे, खाली भय्ये. सगळे एकमेकांशी हिंदीत बोलायचे, आणि आई दाराआडून नुसती हसायची.

मी तेव्हा दहावीला होते. गावच्या शाळेत पहिल्या पाचांत असणारी मी इथं एकदम मागं पडले. मी तोंड उघडलं की वर्गातल्या मुली माझ्या 'करायलाव', 'जायलाव'ची नक्कल करायच्या. मग मी तोंड उघडायचं बंद केलं. घरी आल्यावर डब्यात पहिल्यांदा हात घातला तो त्याच वर्षी. शेंगदाण्याची चटणी होती, ती नुसतीच बोटानं खाल्ली. भूक अजिबात नव्हती. चटणी जहाल होती, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि बरं वाटलं. रडायला एक कारण मिळालं.

डबा निम्मा झालेला बाबांच्या लक्षात आला. त्यांच्या लक्षात सगळंच यायचं. ते ओरडले नाहीत. जेवताना माझ्या ताटात अर्धीच भाकरी वाढली आणि म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सुकडी खाऊन खडी फोडली. ओंजळभर सुकडी, त्यावर दिवस काढायचा. लोकांना खायला नव्हतं म्हणून लोक मेले. खाऊन खाऊन मेलेला माणूस मी पाहिला नाही, तो आता घरात बघायला मिळेल."

आई खाली मान घालून तव्यावरची भाकरी उलटत राहिली. त्या दिवसापासून बाबांनी माझं ताट स्वतःकडे घेतलं. चिवड्याचे, लाडवांचे डबे माळ्यावर गेले. आईला माझी दया यायची, आणि तिच्या दयेला एकच वाट होती. बाबा आंघोळीला गेले की ती माझ्या हातात शेंगदाण्याचा लाडू कोंबायची. "खा लवकर. पाणी बंद व्हायच्या आत खा." मोरीतल्या तांब्याचा आवाज चालू असेपर्यंत मी लाडू गिळायचे. एक माणूस माझ्या तोंडातलं काढून घेत होता, दुसरं माणूस कोंबत होतं. मला स्वतःला भूक कधी लागते, हे मला त्या घरात कधी समजलंच नाही.

बारावी झाल्यावर मी टायपिंग शिकले आणि जवळच्या औद्योगिक वसाहतीत स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात मालाची चलनं लिहायच्या कामाला लागले. भाईंदर पूर्वेला असे गाळे खूप. दिवसभर पॉलिशच्या मशीनचा कर्कश आवाज, काळी धूळ, आणि त्यातून बाहेर पडणारे चकचकीत डबे, पेले, वाट्या. शेठ वाईट नव्हता, पण एखादं चलन चुकलं की सगळ्यांसमोर कागद फाडून टेबलावर टाकायचा. अशा दिवशी संध्याकाळी माझे पाय आपोआप स्टेशन रोडवरच्या फरसाणवाल्याकडे वळायचे.

"घर के लिए?" तो विचारायचा.

"हां, मेहमान आए हैं," मी म्हणायचे.

पाहुण्यांच्या नावाखाली मी गाठिया, पापडी घ्यायचे, वर तळलेल्या मिरच्या आणि संभारा, म्हणजे कच्च्या पपईचा परतलेला कीस. आमच्या इमारतीच्या जिन्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये एक वळण होतं, तिथला दिवा कायम गेलेला असायचा. तिथं उभी राहून मी सगळं पुडकं संपवायचे. चव पहिल्या चार घासांपुरती. पुढचं नुसतं चावणं आणि गिळणं. कोणाच्या चपला वाजल्या की पुडकं ओढणीखाली. शेवटी कागदावर उरलेलं मीठ बोटानं टिपायचं, तोंड पुसायचं आणि घराची बेल वाजवायची. मग बाबांनी वाढलेली अर्धी भाकरीही खायची, कारण नाही खाल्ली तर संशय यायचा.

त्यानंतर जे व्हायचं ते खाण्यापेक्षा वाईट होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या मी स्वतःला जे बोलायचे ते बाबाही मला कधी बोलले नाहीत. सकाळी चहासुद्धा घ्यायचे नाही. दुपारी डबा उघडायचे नाही. संध्याकाळी पाय पुन्हा फरसाणवाल्याकडे.

गाळ्यात पॅकिंगला एक बाई होती, तारोडी गावची. उत्तनच्या पट्ट्यातून बसनं यायची, पूल ओलांडून पूर्वेला. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी, धिप्पाड, मोठ्यानं बोलणारी. दुपारी ती खोक्यांच्या आडोशाला फतकल मारून बसायची, भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण खायची, आणि खाऊन झाल्यावर खुशाल ढेकर द्यायची. तिच्या त्या ढेकराचा मला राग यायचा. खरं तर हेवा वाटायचा, पण तेव्हा तो रागासारखाच वाटायचा.

"तू जेवत न्हाय का गं कधी?" तिनं एकदा विचारलं.

"उपास आहे."

"रोजचा उपास हाय? कुठला देव सांगतो असा?"

आमच्या घरात कुठला देवही नव्हता, नाव घ्यायला.

एकविसावं लागलं तशी स्थळं यायला लागली. बायका मला बघायच्या, मग एकमेकींकडे बघायच्या. निरोप नेहमी गोड शब्दांत यायचा. मुलगी छान आहे, शिकलेली आहे, जरा अंगानं भरलेली आहे. 'भरलेली' हा शब्द मला अजूनही ऐकवत नाही. अखेर कुर्ल्याच्या एका घरानं होकार दिला. आपल्याच समाजातलं घर, मुलगा बँकेत. साखरपुडा झाला. त्या दिवशी मुलाच्या आईंनी मला जवळ घेतलं आणि माझ्या आईला म्हणाल्या, "पोरगी लाखात एक आहे. लग्नाला सहा महिने आहेत. तेवढ्यात हिचं वजन जरा उतरवा, बाकी आम्हाला काही नको."

सगळ्यांना हे फार समजूतदार मागणं वाटलं. हुंडा नको, मानपान नको. बाबा तर खूश झाले. जणू त्यांनी इतकी वर्षं चालवलेल्या कामावर कुणीतरी शिक्का मारून दिला होता. दुधी उकडून, भात बंद, सकाळी लिंबूपाणी. आईचे लाडूही थांबले, कारण आता प्रश्न लग्नाचा होता.

होणाऱ्या सासूबाई दर महिन्याला भाईंदरला यायच्या. घरी नाही, स्टेशनावर. त्यांची एक बहीण पुढे वसईला राहायची, तिकडे जाताना त्या इथं उतरायच्या. मी फलाटावर त्यांना भेटायला जायचं असं ठरलेलं. फलाटावर वजनाचं मशीन होतं, लाल-हिरवे दिवे लुकलुकणारं, आत रंगीत चकती फिरणारं. "ये बाळ, चढ," त्या म्हणायच्या, स्वतःच्या पर्समधून नाणं काढून टाकायच्या. खटकन पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. पहिल्या महिन्याचं माझं भविष्य होतं की मी स्वभावानं उदार आहे आणि लवकरच प्रवासाचा योग आहे. सासूबाईंनी वजन वाचलं, मान हलवली, तिकीट पर्समध्ये टाकलं. "चांगलं आहे. थोडं उतरलंय. असंच चालू दे." मग माझ्या गालाला हात लावला आणि पुढच्या गाडीनं गेल्या. बाकावर बसलेले दोन कॉलेजचे मुलगे सगळं बघत होते.

मुलगा मला एकदा एकटा भेटायला आला. खाडीच्या बाजूला चालत गेलो. त्यानं वडापावच्या गाडीवर दोघांसाठी सांगितलं. तो स्वतः चांगला गोलमटोल होता, शर्टाची बटणं पोटावर ताणलेली. त्याचं कोणी वजन केलं नव्हतं.

"मला नको," मी म्हणाले. सकाळपासून पोटात नुसतं लिंबूपाणी होतं.

"आईचं मनावर घेऊ नकोस," तो म्हणाला. "ती जुन्या वळणाची आहे. पण थोडं कमी केलंस तर बरंच दिसेल."

"हं."

"मग तुझा मी खाऊ?"

त्यानं माझाही वडापाव खाल्ला. तो दुष्ट नव्हता. मिरची चावत तो मला बँकेतल्या बदल्यांबद्दल सांगत होता, आणि मी त्याच्या बोटांना लागलेल्या तेलाकडे बघत होते. तो गेल्यावर मी त्याच गाडीवर परत गेले. पुढचं सांगायला नको.

दुसऱ्या महिन्यात काटा जागचा हलला नाही. तिसऱ्या महिन्यात वर गेला. मला आधीच माहीत होतं. त्या महिन्यात मी दिवसा जवळजवळ काही खाल्लं नव्हतं आणि संध्याकाळी जिन्यात सगळं खाल्लं होतं. मशीनवर चढताना मी श्वास रोखून धरला, जणू हवेचं वजन तेवढं कमी होईल. तिकीट पडलं. सासूबाईंनी ते वाचलं, चष्मा काढून परत वाचलं. त्या रागावल्या नाहीत. पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "आम्हाला घाई नाही गं. पण मुलाला चार लोकांत फिरायचं असतं." या वेळी तिकीट त्यांनी पर्समध्ये टाकलं नाही. माझ्या हातात दिलं.

आठवड्याभरात मध्यस्थ घरी आले. साखरपुड्याची साडी एका पिशवीत घालून त्यांनी परत नेली. ते गेल्यावर बाबा भिंतीला टेकून बसले.

"तोंडानं घालवलंस," ते म्हणाले. "दुसऱ्या कशानं नाही. स्वतःच्या तोंडानं."

मी स्वयंपाकघरात गेले, स्टुलावर चढले आणि माळ्यावरचा चिवड्याचा डबा काढला. बाबांच्या समोर येऊन, उभ्यानं खायला लागले. मूठ भरून. घरच्यांसमोर असं मी कधी खाल्लं नव्हतं. आई "अगं, अगं" करत उठली, पण मधे आली नाही.

"खा," बाबा म्हणाले. "दुष्काळ पाहिला असतास तर कळलं असतं तुला."

"दुष्काळ तुमचा होता बाबा. तो माझ्यावर का काढता?"

"माझ्या एकट्याचा नव्हता," ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं ते मारतील. ते उठले, चपला घातल्या आणि खाली गेले. परत आले ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही जेवले नाहीत. ते डबा न घेता कामावर जायचे, घरी येऊन पाणी प्यायचे आणि कूस बदलून झोपायचे. आई रडायची, विनवायची. उपाशी राहून घरातल्यांना शिक्षा देणं त्यांना छान जमायचं. मी मात्र त्या दिवसांत दुप्पट खाल्लं, आणि प्रत्येक घासाला समोर त्यांचं रिकामं ताट दिसायचं.

लग्न मोडल्याचं गाळ्यात कळलंच. तारोडीच्या बाईनं विचारपूस केली नाही. म्हणाली, "रविवारी माझ्या घरी ये. बस सुटते तिथं मी उभी राहीन." नाही म्हणायचं सुचलं नाही म्हणून गेले.

तिचं घर समुद्राकडे उतरत्या वाटेवर होतं, अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. तिच्या आईनं मला पाटावर बसवलं, भात वाढला, माशाचं कालवण वाढलं, तळलेली तुकडी ठेवली. मी नेहमीप्रमाणे म्हणाले, "बस, बस, एवढंच."

"मग उरलेलं कोन खानार?" म्हातारी म्हणाली आणि बाहेर बोंबील उलटायला निघून गेली. मैत्रीणही तिच्या मागं गेली. मी एकटी ताटासमोर बसले होते. दार उघडं होतं, उजेड होता, आणि कोणी बघत नव्हतं. मी जेवले. दुसऱ्यांदा भात घेतला. मग तिसऱ्यांदा घ्यायला हात पुढे केला आणि लक्षात आलं की नको आहे. पोट भरलंय. ही गोष्ट इतकी साधी आहे की सांगतानाही लाज वाटते, पण मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि ते मला पहिल्यांदा कळत होतं.

यानं सगळं बदललं असं म्हणायला मला आवडलं असतं. सोमवारी शेठनं एक चलन फाडलं आणि संध्याकाळी मी जिन्यात होते. फरक इतकाच पडला की दुपारी मी खोक्यांच्या आडोशाला तिच्याशेजारी बसून डबा खायला लागले. दुपारी जेवल्यावर संध्याकाळी पुडकं कधीकधी लहान घ्यावं लागायचं. कधीकधी नाही.

पुढच्या दोन-तीन वर्षांत स्थळं यायची बंद झाली. मग बाबा आजारी पडले. पोटाचं दुखणं. डॉक्टरांनी आधी अल्सर म्हटलं, नंतर दुसरं काहीतरी म्हटलं. त्यांना दोन घासांपलीकडे अन्न जाईना. आता त्यांना मी भरवायचे, चमच्यानं, मऊ भात. ते तोंड मिटून घ्यायचे. मला आत कुठेतरी सूड घेतल्यासारखं वाटायचं, आणि लगेच किळस यायची, कोणाची ते कळायचं नाही.

अशाच एका दुपारी बाबा झोपलेले होते. आई तांदूळ निवडत बसली होती. मी म्हणाले, "इतकी वर्षं माझ्या ताटातलं काढलं, आता स्वतःला जात नाही." आईचा हात थांबला.

माझ्या आधी एक मुलगा झाला होता आणि लहानपणीच गेला, एवढं मला गावाकडच्या बायकांच्या बोलण्यातून माहीत होतं. घरात त्याचा विषय कधी निघाला नव्हता. आई सुपाकडे बघतच बोलायला लागली. "दुष्काळात तू पोटात होतीस. बाई दोन जिवांची म्हणून घरात जे यायचं ते आधी मला. तुझे बाबाच द्यायचे. सुकडी आणली की म्हणायचे, तू खा, लेकराला मग देऊ. मलाही भूक लागायची गं, फार लागायची. मी खायचे. थोरला दोन वर्षांचा होता. त्याला हगवण लागली आणि तो गेला. डॉक्टर म्हणाला पाणी खराब होतं. तुझ्या बाबांनी ते कधी मानलं नाही. त्यांच्या मनात बसलं की आपण चुकीच्या लेकराला खायला घातलं."

"असं म्हणाले ते?"

"म्हणाले नाहीत. पण तू जेवायला बसलीस की मला त्यांच्या तोंडावर दिसायचं."

मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली टँकर आला होता, बायका हंडे घेऊन भांडत होत्या. आईला वाटलं असावं, हे ऐकून माझा राग जाईल, मी बाबांच्या उशाशी जाऊन बसेन. तसं झालं नाही. मी जन्मायच्या आधी, मला तोंडसुद्धा फुटलं नव्हतं तेव्हा खाल्लेल्या अन्नाची शिक्षा मला दहा वर्षं दिली गेली होती, आणि देणाऱ्यानं कारणही सांगितलं नव्हतं. त्यांचं दुःख मला समजलं. त्यानं माझा राग कमी झाला नाही, उलट त्याला आता कुठे बसायचं ते नीट कळलं. आणि आईवरही राग आला. तिला सगळं माहीत होतं, आणि तरी तिनं फक्त लाडू दिले.

बाबा त्या पावसाळ्यानंतर गेले. त्यांना मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं लोक म्हणतील. चमच्यानं भात घेणाऱ्या माणसाला काय विचारणार.

बाबांच्या जलदानाच्या दिवशी भन्तेजींची वंदना आटोपल्यावर पंगत बसली. भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. सकाळपासून कामात होते, कडकडून भूक लागली होती. मी दुसऱ्यांदा वरण मागितलं तेव्हा माझ्या शेजारी बसलेली आत्या हळू आवाजात म्हणाली, "बाप गेलाय गं. आज तरी जरा कमी."

"भूक लागली आहे आत्या," मी म्हणाले.

नंतर ती बरंच काही बोलली असेल नातेवाइकांत. मी वरण-भात संपवला, बुंदी नको होती म्हणून घेतली नाही, आणि हात धुवायला उठले. माझी छाती धडधडत होती, भांडण करून आल्यासारखी.

अजून मी त्याच गाळ्यात आहे, आता हिशेब बघते. वजन तसंच आहे, थोडं जास्तच. शेठच्या मुलानं कागद फाडायची सवय उचलली आहे, आणि अशा दिवशी अजूनही माझा हात चघळायला काहीतरी शोधतो. पूर्वी खाऊन झालं की मी स्वतःला शिव्या द्यायचे. आता देत नाही, किंवा सुरू झाल्या की थांबवते. त्यामुळे खाणं थोडं कमी झालं, पण गेलं नाही. ते जाईल असं मला आता वाटतही नाही. ज्या मुली माझ्या बोलण्याला हसल्या, ज्या बाईनं मला नाणं टाकून तोललं, त्यांना यातलं काही आठवत नसेल. आठवण ठेवायचं काम ज्याला लागलं त्यालाच करावं लागतं.

मागच्या महिन्यात जेवताना मी आईला विचारलं, त्या थोरल्याचं नाव काय ठेवलं होतं. तिनं सांगितलं. मग घास हातात धरूनच म्हणाली, त्याला गूळ फार आवडायचा, मागून मागून घ्यायचा. मी म्हटलं, बरं. एवढंच म्हटलं. आम्ही दोघी जेवत राहिलो.